वडिलांपेक्षा एक चूक जास्त

रोजचं शब्दकोडं सोडवायला बुद्धी लागते, असा एक समज शहरांतून पसरला आहे. तो निराधार आहे. कोड्याला बुद्धी नव्हे, रीत लागते. पाच अक्षरांचा एक गुप्त शब्द, ओळखायला सहा संधी. अक्षर जागेवर बसलं तर चौकोन हिरवा, शब्दात असून भलतीकडे असलं तर पिवळा, नसलंच तर करडा. एवढं फोनलाही कळतं. माणसाला कळावं लागतं ते हे, की कोणी कितव्या संधीत ओळखायचं.

किर्गिझस्तानातल्या नारीन गावच्या तोक्तोनालींच्या घरात हे सर्वांना कळत होतं. तोक्तोनाली हे जनावरांचे निवृत्त डॉक्टर. घोड्याची जीभ पाहून दुखणं सांगणाऱ्या माणसाला रंगीत चौकोन पाहून मुलांची प्रकृती कळत असे (असं ते म्हणत, आणि तेच म्हणत असल्यामुळे ते खरं होतं). घरात वडीलधाऱ्यांनी मोडल्याशिवाय कोणी नान मोडत नसे. त्याच न्यायाने अतांचे, म्हणजे वडिलांचे, चौकोन फोनवरच्या कुटुंबाच्या गटात येईपर्यंत कोणी कोड्याला हात लावत नसे, आणि अतांपेक्षा कमी संधींत कोणी सुटत नसे. अता चौथ्यात आले तर मुलांनी पाचव्यात यावं. अता सहाव्यात आले तर मुलांनी नापास व्हावं. यालाच तज्ज्ञ लोक डावपेच म्हणतात.

पहिला शब्द कोणता टाकावा यावर जगात बरंच संशोधन झालं आहे. अता रोज ‘किमीझ’ टाकत; किर्गीझ लिपीत त्याची अक्षरं पाच भरतात. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा हा शब्द कोड्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. पण आल्यागेल्याला आधी किमीझ द्यायचं आणि मग बोलायचं, हा त्यांचा युक्तिवाद कोणाला खोडता आला नाही.

शेवटच्या साध्या दिवशी उत्तर होतं ‘आयरान’, म्हणजे ताकच. अता पाचव्यात आले.

“आज अवघड होतं,” त्यांनी लिहिलं.

“अता, तुम्ही वाघ आहात,” थोरला एमिलबेक म्हणाला. “मी सहाव्यात. घाम फुटला.”

“इथपर्यंत वास आला,” अतांनी लिहिलं.

एमिलबेकला मुद्दाम चुकावं लागत नसे. ती सोय निसर्गाने परस्पर केली होती. कष्ट होते धाकट्या नुरझादाचे. ती बिश्केकमध्ये एका प्रकाशनात दिवसभर लोकांची पुस्तकं तपासायची. उत्तर तिला बहुधा दुसऱ्याच संधीत दिसे. तिथून पुढे खरं काम सुरू व्हायचं. चुकणं सोपं असतं, पण प्रयत्न करता करता चुकल्यासारखं दिसणं ही कला आहे. हिरवा चौकोन एकदम हातचा सोडला तर संशय येतो, म्हणून पिवळे थोडे थोडे वाढवावे लागतात. त्या दिवशी तिने बसमध्ये उभ्याने चार सुरेख चुका केल्या आणि सहाव्यात उत्तर लिहिलं.

“आलं ना शेवटी,” अतांनी लिहिलं. “जमेल पोरी, हळूहळू.”

“तुमच्याकडूनच शिकतेय, अता.”

दुसऱ्या दिवशी गटात चौकोन आले नाहीत. दोन्ही मुलं दोन शहरांत फोन हातात धरून बसली. न्याहारी झाली, भांडी झाली. वडिलांना घाई करणं बरं दिसत नाही, म्हणून कोणी फोन केला नाही. शेवटी अपाचा, म्हणजे आईचाच, आला. पहाटे घोड्याला दाणा घालायला गेलेले अता तबेल्यातच कोसळले होते.

अंगणात शोकाचा तंबू उभा राहिला. आत पडद्यापलीकडे अता, अलीकडे लोकरीच्या नमद्यावर बायका, दाराकडे पाठ करून बसलेल्या. नवी माणसं दुःखाला आली की बायकांनी सूर लावून मृताची स्तुती गायची, ती बाहेर पडली की थांबायचं. अशाच एका थांबण्यात अपा नुरझादाच्या कानाशी वाकली.

“आज कोडं राहिलं असेल नाही?”

“अपा, आज कोण सोडवणार?”

“ते सोडवायचे. उठल्या उठल्या, माझ्या फोनवर. दुसऱ्यात नाहीतर तिसऱ्यात. आणि मग आपल्या फोनवर चुकत बसायचे. चहाचं पार पाणी व्हायचं.”

“चुकत? मुद्दाम?”

“तुझ्यासाठी गं. म्हणायचे, पोरगी दिवसभर शब्दांत बसते आणि तिला पाच अक्षरं सापडत नाहीत. मी दुसऱ्यात सुटलो तर ती तोंड कुठे लपवेल? मी म्हटलं, मग तिला म्हणावं डोळे तपासून घे. तर म्हणे, नको, मनाला लावून घेईल.”

म्हणजे मुलीला लाज वाटू नये म्हणून वडील पाचव्यात येत होते, आणि वडिलांना लाज वाटू नये म्हणून मुलगी सहाव्यात. सहावा पाहून वडिलांची काळजी वाढे, की दुसऱ्या दिवशी ते आणखी जपून चुकत. सौजन्याची हीच गती राहिली असती तर उन्हाळा संपायच्या आत एक सुशिक्षित कुटुंब सहकुटुंब नापास झालं असतं.

किर्गीझ लोकांची ही तऱ्हा म्हणून वाचकाने हसायला हरकत नाही. फक्त गेल्या खेपेला आपल्याला ठाऊक असलेला रस्ता वडिलांना विचारला आणि त्यांनी तो नीट समजावून सांगितला, तेव्हा त्यांना काय काय ठाऊक होतं, तेवढं विचारून घ्यावं. विचारायला संधी पुष्कळ असतात. किती, ते चौकोनांत दाखवत नाहीत.

बाहेर गाडी थांबली. पुरुषांचा आक्रोश दाराशी आला. सूर धरायची पाळी गेलेल्याच्या लेकीची, म्हणजे नुरझादाचीच. ‘डोंगर होता माझा बाप, डोंगर ढळला’ अशी सुरुवात ठरलेली असते. तिने ‘डोंगर’ म्हटलं आणि चाल सुटली. बायकांनी माना वळवल्या. तिने तोंड पडद्याकडे केलं आणि साध्या, स्वच्छ आवाजात, बाहेरपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली,

“अता, मला दुसऱ्यातच कळायचं. मी मठ्ठ नाही. तुमच्यावरच गेलेय.”