कापीव, बटणी आणि ठोकीव

टिपणीसकाकांना कुठलीही नळी दिसली की ते डावा डोळा मिटतात, नळी उजव्या डोळ्याला लावतात आणि उजेडाकडे धरून हळूहळू फिरवतात. पाण्याचा पाइप, पडद्याचा रॉड, कॅलेंडरची गुंडाळी, शहाळ्यातली स्ट्रॉ, काहीही चालतं. आम्ही फरीदाबादला राहायला आलो त्याच दिवशी हे गृहस्थ समोरच्या फ्लॅटमधून निघून सरळ आमच्या बाथरूममध्ये शिरले आणि प्लंबरच्या हातातला पाइप काढून घेऊन खिडकीशी उभे राहिले.

प्लंबर म्हणाला, "अंकल जी, पाइप है, दूरबीन नहीं."

काकांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. दारावरची पाटी वाचून आम्ही मराठी आहोत हे त्यांनी आधीच हेरलं होतं. मला म्हणाले, "बाहेरून काय बघता? आतून बघा. सावलीची वर्तुळं वाकडी दिसतायत. रिजेक्ट!"

पाइप आम्ही बदलला नाही. पाणी आजही उत्तम येतं. पण काकांच्या लेखी आमचं बाथरूम रिजेक्ट आहे ते आहेच.

काका आयुष्यभर रायफलींच्या कारखान्यात नळ्या तपासायच्या खात्यात होते. निवृत्त झाल्यावर मुलाकडे म्हणून इथे आले, मुलगा वर्षभरात सिंगापूरला गेला आणि काका-काकी त्याचा फ्लॅट सांभाळत राहिले. रायफलीच्या नळीत गोळीला गिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा असतात आणि त्या पाडायच्या तीन तऱ्हा असतात, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मी विचारलं नव्हतं. मी विरजण मागायला गेले होते.

"पहिली कापीव," काका म्हणाले. विरजणाची वाटी त्यांच्याच हातात होती, त्यामुळे मला हलता येईना. "एकेक खाच खरवडून काढायची. केसाहून बारीक कीस निघतो. वेळ जातो, पण पोलादाला कळतसुद्धा नाही आपल्याला कुणी हात लावला ते. दुसरी बटणी. पोलादाहून कठीण असं बोंड नळीतून एका दमात ओढायचं, की खाचा दाबून उठतात. झटपट काम, नेमही झकास. पण पोलादाच्या पोटात ताण राहतो. भट्टीत घालून तो उतरवला नाही तर नळी पुढे त्रास देते."

"आणि तिसरी?" मी वाटीकडे बघत विचारलं.

"ठोकीव. आत खाचांचा उलटा साचा घालायचा आणि बाहेरून चहूबाजूंनी दणादण हातोडे. चहा पिऊन येईपर्यंत नळी तयार. मजबूत इतकी की लवकर झिजायची नाही. पण नेमाचं विचाराल तर..." इथे काकांनी मान हलवली, वाया गेलेल्या पुतण्याचा विषय निघाल्यावर लोक हलवतात तशी.

मी नंतर कुठेतरी वाचलं की चांगली ठोकीव नळीही नेमाला अगदी फर्स्टक्लास असते. हे मी काकांना सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बरे गेले ते दोन दिवस.

साऱ्या जगाची वाटणी काका याच तीन खान्यांत करतात. हाताने कळ्या पाडलेला मोदक कापीव, साच्यातला ठोकीव. मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी गणपतीत साच्यातले मोदक केले, तेव्हा काकांनी नैवेद्याच्या ताटासमोर निकाल जाहीर केला, "ठोकीव आहेत. पोट भरेल." बाई दिवाळीपर्यंत टिपणिसांकडे फिरकल्या नाहीत. माणसंही यातून सुटत नाहीत. मी बटणी. "शाळा, इंजिनिअरिंग, एमबीए, गुडगाव, एका दमात ओढून काढलेली. काम चोख, पण ताण उतरवलेला नाही." माझा नवरा नितीन ठोकीव. "टिकेल. पण फार नेमकं काही सांगू नकोस त्याला." हे मात्र मला बिल्कुल पटलं. नितीनला कोथिंबीर सांगितली की तो पुदिना आणतो.

कापीव या खान्यात काकांनी आजवर एकच माणूस घातलंय. शालिनीकाकी.

काकी ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला मऊ. कारखान्याच्या वसाहतीत एकदा बायकांसाठी चांदमारीची स्पर्धा होती. काकी संगीतखुर्चीत नाव द्यायला गेल्या, चुकून शेजारच्या टेबलावर दिलं आणि पहिल्या आल्या. तेव्हापासून रायफल सुटली नाही. इथल्या शूटिंग क्लबात ज्येष्ठांच्या स्पर्धेचा कप दरवर्षी त्यांचाच. गुडघे दुखतात, मुलगा फोनवरच भेटतो, पण रविवारी सकाळी चटईवर पालथं पडून रायफल खांद्याला लावली की काकी निराळ्याच दिसतात.

मला एकदा म्हणाल्या, "एवढं एकच माझं स्वतःचं आहे गं. पण हात हलायला लागला ना, की त्याच दिवशी रायफल ठेवून देईन. उगीच दुसऱ्याची जागा अडवायची नाही."

क्लबावर त्यांना मीच नेते. काकांनी गाडी चालवली तर बांधकामावर पाइपांचा ढीग दिसेल तिथे ते उतरतात.

यंदाच्या हिवाळ्यात काकींचे नेम बिघडले. एरवी सगळ्या गोळ्या मधल्या ठिपक्यात जायच्या, आता कागदाची चाळण व्हायला लागली. काकी कागदाकडे बघत होत्या. तेवढ्यात मागून काका गरजले, "ठोकीव नळी! मी म्हणत नव्हतो? अहो तोमरजी, ये क्या दिया है आपने?"

तोमरजी म्हणजे क्लबाच्या रायफली सांभाळणारे निवृत्त सुभेदार. त्यांनी पुढच्या रविवारी बटणी नळीची रायफल दिली. पुन्हा चाळण. काकांनी नळी उजेडाकडे धरली आणि सगळ्या क्लबाला ऐकू जाईल असं व्याख्यान दिलं. पोलादाचा ताण उतरवलेला नाही, गरम झाली की भरकटते, हल्ली कुणाला धीरच नाही वगैरे.

तिसऱ्या रविवारी तोमरजींनी कपाटातून जपून ठेवलेली जुनी कापीव नळीची रायफल काढली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आता कटकट संपली! काकी चटईवर पालथ्या पडल्या, नेम धरला, गोळ्या झाडल्या. कागद आला तो आधीच्या दोन्हींपेक्षा वाईट.

काकांनी नळीत डोळा घातला. जरा जास्तच वेळ घातला. मग म्हणाले, "खाचा झिजल्यात. रिजेक्ट."

तोमरजींनी कपाळाला हात लावला. "अंकल जी, तीनों ख़राब? तो आंटी जी को तीर-कमान दे दूँ?"

काकी खुदकन हसल्या आणि हात धुवायला गेल्या. मला काही हसू येईना. हा माणूस पोटच्या मुलाला नावं ठेवेल, पण कापीव नळीला नाही. मी तोमरजींना बाजूला घेऊन विचारलं, "सच में घिसी हुई है?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "मैडम, बुधवार को अंकल जी अकेले आए थे. तीनों राइफलें शिकंजे में कसवाईं, मुझसे चलवाईं. तीनों एकदम बढ़िया. और ये पुरानी वाली तो एक ही छेद में गोलियाँ डाल रही थी."

मला रागच आला. एवढी वर्षं या माणसाच्या नळ्या ऐकून घेतल्या आणि हा चक्क खोटं बोलतो? काका भिंतीशी उभे होते. मी तिथे जाऊन सरळ म्हटलं, "काका, नळ्या चांगल्या आहेत."

"माहितीये," काका म्हणाले. आवाज इतका लहान की मला ते काकाच वाटेनात. "तिचा हात हलतो. परवा निरांजन लावत होती, काडी वातीला लागेना. वारा आहे म्हणाली. मी उठून खिडकी लावली."



"तिला कळलं तर ती रायफल ठेवून देईल. बोलली की करते ती. मग रविवारी सकाळी काय करायचं तिने? सिंगापूरच्या फोनची वाट बघत बसायचं?" त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. "चांगल्या नळीला मी कधी वाईट म्हटलं नाही गं. साहेब ओरडले तरी नाही. आता तिन्हींना म्हटलं."

"आणि स्पर्धेत हरल्या तर?"

"हरू दे की. नळीमुळे हरेल."

मला एकदम भरून आलं. या माणसाला मी एवढे दिवस नुसता बडबड्या समजत होते याची लाजही वाटली. पण तेवढ्यात काकी पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "काय हो, पुढल्या रविवारी कुठली नळी?"

"तोमरजींकडे आहे अजून एक," काका आपल्या मूळ आवाजात गरजले. "बटणी आहे, पण ताण नीट उतरवलेला दिसतो. बघू!"

तोमरजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. ते म्हणाले, "हाँ जी, है एक. निकाल के रखता हूँ."

फाटकाबाहेर चहाची टपरी आहे. काका आमच्या पुढे झपाझप चालत गेले आणि चहावाल्याच्या कानाशी लागले. मी मागोमाग होते म्हणून मला ऐकू आलं. "दो पूरी चाय. और आंटी जी का गिलास आधा ही भरना, भैया. ख़तम हो जाए तो आधा फिर से देना."

काकींनी तो अर्धा ग्लास दोन्ही हातांत धरला आणि थंडीबद्दल बोलत सावकाश प्याल्या. एक थेंबही सांडला नाही. ग्लास रिकामा झाल्यावर त्यांनी काही म्हणायच्या आत काकांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि पुन्हा अर्धा भरून आणून दिला.