करकोचे उशिराने धावत आहेत

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. उत्तरेकडून आलेली थापट्या बदकांची जलद गाडी तलावाच्या पश्चिम बाजूस लागलेली आहे. शेकाट्या पक्ष्यांनी फलाट मोकळा करावा."

दिवस उगवायच्या बेताला आमच्या तलावाच्या बांधावरून ही घोषणा होते. दसऱ्यापासून पुढे थंडीभर, रोज. नवीन माणूस दचकतो. आम्ही कूस बदलतो.

घोषणा करणाऱ्या गृहस्थांचं नाव सुपडू नाना. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सारी नोकरी त्यांनी स्टँडवरच्या काचेच्या खोलीत, माईकसमोर बसून केली. निवृत्त झाल्यावर लोक शेती बघतात, नाहीतर पारावर बसून सरकार चालवतात. नानांनी एक भोंगा घेतला. भंगारवाल्याच्या गाडीवर असतो तसला, बॅटरीवर चालणारा, लाल तोंडाचा. स्टँड सुटला, पण घोषणा सुटली नाही.

नानांना दोन भाषा येतात. भोंगा तोंडाशी असला की ते शुद्ध, छापील मराठी बोलतात. क्रियापद शेवटी, आवाज नाकातून. भोंगा खाली आला की पहिल्याच श्वासात अहिराणी. "प्रवाशांनी गर्दी करू नये," असं सांगून झालं, की बटण बंद करून मला म्हणतात, "पोरी, कोनीच नही शे वं आज."

पक्ष्यांची त्यांनी एसटीप्रमाणे विभागणी केली आहे. हिवाळाभर तलावावर राहणारे ते मुक्कामी. एखाद दिवस दम खाऊन पुढे जाणारे ते थेट. वरच्या वर निघून जाणारे विनाथांबा. शेपूट हलवत काठाकाठाने येरझाऱ्या घालणारा परीट पक्षी म्हणजे शटल. ज्वारीवर धाड घालणारा भोरड्यांचा थवा आला की नानांचा आवाज चढतो, "विनातिकीट प्रवास हा गुन्हा आहे!" आणि शिकारी ससाणा घिरट्या घालू लागला, सगळी बदकं एकदम फडफडून उठली, की नाना समाधानाने जाहीर करतात, "तिकीट तपासनीस गाडीत चढले आहेत."

एखादा पक्षी ओळखता आला नाही तर नाना अडत नाहीत. ती जादा गाडी. माझ्याजवळ पुस्तक आहे, दुर्बीण आहे, म्हणून मी चूक दाखवायला जाते. नाना ऐकून घेतात आणि म्हणतात, "चौकशी खिडकी बंद शे." संपलं.

त्यांचं आणि माझं भांडण जुनं आहे. मी आमच्या तलाव बचाव समितीचं काम करते. पत्रकं मी लिहिते, छापून आणते आणि वाटतेही मीच, कारण समितीतले बाकीचे फक्त फोटोला येतात. पाणपक्ष्यांच्या शेजारी भोंगा वाजवणं चूक आहे, हे मी पत्रकात ठळक अक्षरात छापलं होतं आणि आजही छापायला तयार आहे. ते पत्रक नानांनी घडी घालून भोंग्याच्या बॅटरीखाली दाबलं. बॅटरी सैल झाली होती म्हणे.

आणखी एक गोष्ट मला चीड आणायची. नाना बांधावर उभे राहतात ते तलावाकडे पाठ करून. भोंग्याचं तोंड गावाकडे, गल्लीच्या दिशेला.

"नाना, पक्षी तुमच्या मागे आहेत."

"मंग?"

"मग घोषणा तिकडे कशाला?"

नानांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी सुट्टे नसताना मोठी नोट पुढे केली. "घोषणा गाडीसाठी राहत नही पोरी. प्रवाशासाठी राहस."

नानांचा एक नियमही सांगून ठेवते. सगळ्या नोकरीत त्यांनी कधी दिलगिरी व्यक्त केली नाही. "गाडी उशिराने धावत आहे" एवढंच सांगायचे. "होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हे वाक्य समोर लिहून चिकटवलेलं होतं, ते नानांनी कधी वाचलंच नाही. "उशीर ड्रायव्हर करस, माफी मी काबरं मांगू?" आणि एकदा केलेली घोषणा त्यांनी कधी मागे घेतली नाही. प्रवासी ओरडले तरी नाही.

आता तलावाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या तलावाचं सुशोभीकरण झालं. हा शब्द कोणी शोधला त्याला एकदा भेटायचं आहे. सुंदर असलेली गोष्ट सिमेंट ओतून आणखी सुंदर करायची, त्याला सुशोभीकरण म्हणतात. पूर्वेला जो उथळ, चिखलट काठ होता, तिथे मुरूम टाकून तो बुजवला. वर पेव्हर ब्लॉक बसवले, जांभळे दिवे लावले आणि सेल्फीसाठी एक लोखंडी बदाम उभा केला. बदकांनी कसंबसं चालवून घेतलं. करकोच्यांनी नाही. करकोचे मोठे पक्षी, राखाडी, उंच, थव्यानं येणारे. त्यांना उतरायला तोच उघडा, उथळ काठ लागायचा. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ते यायचे आणि आभाळात असतानाच असा काही कलकलाट करायचे की दळण घेऊन निघालेल्या बायाही मान वर करायच्या. यंदा दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, आभाळ गप्प.

माझ्या हातात पहिल्यांदाच कोणी खोडून काढू शकणार नाही असा पुरावा आला होता. काठ बुजवला, करकोचे आले नाहीत. सुशोभीकरणाचा दुसरा टप्पा ग्रामसभेत यायचा होता: उरलेला काठही बुजवायचा, पाण्यात रंगीत कारंजं, होड्या. मी पत्रक लिहिलं. मथळा, 'करकोचे गेले, आता कोणाची पाळी?' मला स्वतःलाच तो फार आवडला.

आणि दुसऱ्याच सकाळी भोंगा बोलला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. उत्तरेकडून शिरपूरमार्गे येणारी करकोच्यांची मुक्कामी गाडी तलावावर लागलेली आहे."

मी चप्पल न घालता पळाले. तलावावर बदकं होती, शटल होती, लोखंडी बदाम होता. करकोचा औषधाला नव्हता.

"नाना, कुठे आहेत?"

"लागेल शे गाडी."

"कुठे लागेल शे?"

"चौकशी खिडकी बंद शे."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, वर "गाडीत जागा शिल्लक नाही" ही भर. मी चौकात पत्रकं वाटायला गेले तर सरपंच भाऊंनी एक हातात घेतलं, मथळा मोठ्यानं वाचला आणि हसले. "ताई, करकोचे गेले म्हणतेस, आणि नाना रोज सांगी राहिनात की उनात. बठ्ठा गावनं ऐकं. आता आम्ही कोणाचं खरं मानायचं? नाना खात्यातला माणूस शे."

माझं डोकं फिरलं. खोटी माहिती देणारा माणूस मला बिल्डरपेक्षा वाईट वाटतो. बिल्डर निदान ती पहाटे उठून देत नाही. ग्रामसभेच्या दिवशी दुपारी मी तरातरा नानांच्या घरी गेले. इतकी वर्षं भांडलो, पण घरी कधी गेले नव्हते.

दारातच चुलीवर वांगी भाजल्याचा वास. नाना स्वतः भरीत करत होते. खिडकीशी खाट होती आणि खाटेवर सिंधू अक्का. पावसाळ्यात ओट्यावरून घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं हे मी ऐकलं होतं. तेव्हापासून त्या उठल्या नव्हत्या हे मला माहीत नव्हतं. खिडकीतून दिसत होती समोरच्या घराची भिंत आणि एक डिश अँटेना. तलाव नाही. पण गल्ली सरळ बांधाकडे जाते. मला भोंग्याचं तोंड आठवलं.

"ये वं बाई, बस," अक्का म्हणाल्या. "कुरकुऱ्या उन्यात म्हणे! तू देख्यात का?"

अक्का करकोच्यांना कुरकुऱ्या म्हणतात, आणि 'आल्या'ला 'उन्यात'. मी तोंड उघडलं. अक्कांच्या मागे नाना वांग्याचं देठ हातात धरून मला गप्प राहण्याच्या खुणा करत होते. गाडी मागे घेताना कंडक्टर करतो तशा.

"माझी दुर्बीण घरी राहिली," मी म्हणाले. हे खरं होतं.

"मनं माहेर शिरपूरकडे, तापीकाठले," अक्का सांगू लागल्या. "तठे वाळूवर उतरतस त्या, मंग आठे येतस. लगीन व्हईसन उनू ना मी, पहिल्या सालले रडी रडी जीव जायेल. आन एक दिन या उन्यात. म्हनं, मनाच मागे उन्यात." त्या हसल्या. "आते माहेरले कोनीच नही. भाऊ गया, भावजाई गई. तिकडनं येनारं इतलंच शे."

नानांनी मला बाहेर गल्लीत आणलं.

"खाटवर पडेल बाई," नाना हळू आवाजात म्हणाले. भोंग्याशिवाय त्यांचा आवाज फार लहान आहे. "रोज विचारस, उन्यात का, उन्यात का. माहेरनं कोनी नही उनं, आसं कसं सांगू तिले?"

"नाना, आज तुम्ही गप्प राहिलात तर उरलेला काठ जाईल. मग कुरकुऱ्या कधीच येणार नाहीत. मग वर्षानुवर्षं खोटी गाडी लावत बसाल का?"

मी हे असंच म्हणाले. मला गोड बोलता येत नाही. नाना आत गेले आणि वांगं सोलू लागले.

ग्रामसभा मारुतीच्या पारासमोर भरली. माईक होता आणि देवळावर दोन कर्णे होते. ते सगळ्या गावात ऐकू जातात. मी बोलले. सरपंच भाऊ शांतपणे म्हणाले, "करकोचे आलेले आहेत. नाना समोरच बसेल शेत, विचारा."

नाना उठले. माईकपाशी गेले. सवयीनं त्यावर बोटानं दोनदा टिचकी मारली. मग वर कर्ण्याकडे पाहिलं. त्याचं तोंड त्यांच्या गल्लीकडेच होतं.

"प्रवाशांनी," ते म्हणाले आणि थांबले. लोक हसले. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. करकोच्यांच्या संदर्भात केलेली घोषणा मागे घेण्यात येत आहे. गाडी आलेली नाही."

हसणं बंद झालं.

"फलाट बुजवण्यात आलेला आहे. फलाट नसल्यास गाडी लागणार नाही. दुसरा फलाट बुजवू नये, ही विनंती." आणि मग माईकवर, आयुष्यात पहिल्यांदा, अहिराणीत, "इतलंच शे मनं."

ठराव बारगळला नाही, तहकूब झाला. पुढच्या सभेत पुन्हा येईल आणि मी पुन्हा पत्रक काढीन. पण निघायच्या तयारीत असलेल्या मुरमाच्या गाड्या त्या संध्याकाळी थांबल्या, एवढं झालं.

नाना घरी जाईनात. पारावर बसून भोंग्याची बॅटरी काढत होते, घालत होते.

"गल्लीलोंग ऐकू गयं व्हई का?"

"शिरपूरपर्यंत गेलं असेल," मी म्हणाले.

शेवटी मीच त्यांना उठवलं. दारात नाना भोंगा पाठीमागे लपवून उभे राहिले, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे.

"ऐकं का तू?"

"ऐकं," अक्का म्हणाल्या.

"मंग?"

"मंग काय? मनं हाड मोडनं का कान मोडनात?" अक्का खाटेवर जरा वर सरकल्या. "कुरकुऱ्या येतस तं आभाय फाडतस. त्या उन्यात असत्यात तं तुमना भोंगा कोनाले ऐकू येता? माले पहिल्याच दिन समजनं."

नानांचा भोंगा पाठीमागून पुढे आला. "आन तू बोलनी नही?"

"तुम्ही इतलं जीव लाईसन सांगी राहिंतात," अक्का म्हणाल्या. "म्हनं, सांगू द्या."

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या की भरीत गार होईल. आम्ही जेवलो. नानांनी स्वतःच्या ताटात मीठ दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी बांधावर होते. नाना आले. तलावाकडे पाठ केली, भोंगा उचलला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. उत्तरेकडून शिरपूरमार्गे येणारे करकोचे उशिराने धावत आहेत." पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून कधी गेलेलं नव्हतं. "होणाऱ्या गैरसोयीबद्दल… दिलगीर आहे."

बोलताना भोंग्याचं तोंड भलतीकडे वळलं. मी ते धरून गल्लीच्या रेषेत आणलं.

मग गल्लीच्या आतून, खाटेच्या दांड्यावर पेला आपटल्याचा आवाज आला आणि त्याच्यामागून अक्कांचा, भोंग्याला लाजवील असा.

"थांबेल शे मी! आन भोंगाना आवाज कमी करा, पाखरं घाबरतीन!"