आबांचा सदरा आणि सात पदरी दुपटं

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी कपडे घालत. का घालत, असं मध्येच विचारायचं नाही. ही शिवणाची गोष्ट आहे. कपड्यांशिवाय ती पुढे कशी जाणार?

त्या जंगलात साळिंदरांचं एक घर होतं. त्या घरातली धाकटी मुलगी शलाका. ती सात डोंगर ओलांडून मोठ्या विद्यापीठात गेली होती. तिथे ती चार वर्षं 'टाक्यांचं तत्त्वज्ञान' शिकली. चार वर्षांत तिने सुई दोनदा पाहिली, दोन्ही वेळा चित्रात. पण तिचं मन पेटून उठलं होतं. आपल्या जंगलातली शिवणकला आता आपणच वाचवायची, असं तिने ठरवलं होतं.

परतीच्या वाटेवर तिने सगळं चित्र रंगवून ठेवलं होतं. आई बिळाच्या दारात एकटीच उन्हात बसलेली असेल. हातात सुई, डोळ्यांत पाणी. कला शेवटचे श्वास मोजत असेल. आई म्हणेल, "आलीस? आता तूच काय ते बघ."

आई दारात बसलेली होती खरी. हातात सुईही होती. पण डोळ्यांत पाणी नव्हतं आणि तोंडात सुपारी होती. समोर गोदाआत्या बसली होती. दोघी एकाच लुगड्याची दोन टोकं ओढत होत्या आणि जोरजोरात भांडत होत्या. कला काही शेवटचे श्वास मोजत नव्हती. ती फतकल मारून बसली होती आणि कोणाचं ऐकत नव्हती.

"आलीस?" आई म्हणाली. "बरं झालं. पाय धू आणि एवढी सुई ओवून दे. तुझ्या आत्याला दिसत नाही, आणि दिसत नाही हे कबूलही करवत नाही."

"मला सगळं दिसतं हो वहिनी," आत्या म्हणाली. "तुमचे टाकेसुद्धा दिसतात. तरी गप्प बसते."

आता हे शिवण कसलं, ते सांगतो. शलाकाची मोठी बहीण सरूताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस अगदी भरत आले होते. तिच्या बाळासाठी दुपटं शिवायचं चाललं होतं.

साळिंदराच्या घरात दुपट्याशिवाय मूल वाढत नाही. साळिंदराचे काटे रागाने उभे राहतात, हे तुम्हाला शाळेत सांगतात. ते मायेनेही उभे राहतात, हे शाळेत सांगत नाहीत. नवी आई पिलाला उचलते, तिला भरून येतं आणि अंगावरचा एकूण एक काटा ताठ होतो. तिने कितीही ठरवलं तरी तो खाली बसत नाही. म्हणून आई आणि पिलू यांच्यामध्ये सात पदरांचं दुपटं लागतं. तेही जुन्या कपड्यांचं. घरच्या माणसांनी वापरून, धुऊन, पुन्हा वापरून लोण्यासारख्या केलेल्या कापडाचं. अशा कापडात काटा शिरतो आणि तिथेच रेंगाळतो. पलीकडे जात नाही.

शिवायची पद्धतही ठरलेली होती. घरातल्या प्रत्येकाने एक ओळ घालायची. ज्याचा कपडा हातात असेल त्याच्याबद्दल, ओळ संपेपर्यंत काहीतरी सांगायचं. चांगलंच सांगावं असा नियम नव्हता. त्यामुळे कधी सांगायला कमी पडत नसे.

शलाकाने पट्टी काढली आणि टाके मोजले.

"आई, एक टाका गव्हाएवढा आहे आणि पुढचा शेंगेएवढा. ही ओळ तर मध्येच वळली आहे."

"तिथे वन्सं हसल्या," आई म्हणाली. "तुझ्या आजीने ह्याच लुगड्यात चोरून चिंचा आणल्या होत्या, ते सांगत होत्या."

"आणि ही गाठ?"

"तिथे रडल्या. चिंचा मिळाल्या नव्हत्या त्यांना."

शलाकाचा चेहरा उजळला. "आई, तुला कल्पना आहे का, तुझा हा छंद किती मोलाचा आहे?"

"छंद म्हणजे?"

"गरज नसताना, केवळ मनाच्या आनंदासाठी जे करतात, तो छंद."

"मग तो तुझ्या आत्याला आहे," आई म्हणाली. "माझ्या टाक्यांना नावं ठेवायचा."

सरूताई पोट धरून हसली आणि तिचे काटे खुळखुळले. शलाका हसली नाही. ध्येयवादी मुलींना घरच्यांचे विनोद फार उशिरा कळतात. काहींना तर दुसऱ्या गावी गेल्यावर कळतात.

मग आईने गाठोड्यातून एक सदरा काढला. खादीचा, कॉलर उसवलेली, खिशावर तंबाखूचा डाग. तो आबांचा होता. शलाकाचे वडील आबा मागच्या उन्हाळ्यात गेले. ती बातमी पारव्याने विद्यापीठात पोचवली, तेव्हा परीक्षा चालू होती. शलाकाने पेपर दिला. पहिला नंबर आला. ते सांगायला घरी आबा नव्हते.

आईने सदरा मांडीवर पसरला आणि कात्री उचलली. "हा अगदी मधला पदर," ती म्हणाली. "सगळ्यांत मऊ हाच आहे."

"आई! कात्री खाली ठेव!"

"का? साप निघाला का?"

"ती आबांची शेवटची आठवण आहे!"

"शेवटची कशी?" आई म्हणाली. "मला तर रोज येते."

"तुला येते. मला..." शलाकाने सदऱ्याची बाही धरली. तिच्या मानेवरचे काटे एकेक करून उभे राहिले होते.

आईने तिच्याकडे पाहिलं. मुलीला बापाचं तोंड बघायला मिळालं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तिने कात्री खाली ठेवली, सदऱ्याची घडी घातली आणि शलाकाच्या हातात दिली. आत्या काही बोलणार होती. आईने तिला कोपराने ढोसलं.

मुलांनो, इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण त्या जंगलात एक छंदखातं होतं.

छंदखात्याचे प्रमुख उदमांजरसाहेब. ते दिवसभर फायलींवर झोपत, त्यामुळे खात्यातली एकही फाईल कधी हरवली नव्हती. शलाका त्यांच्याकडे गेली आणि तासभर बोलली. स्मृती, वारसा, धागा, मुळं. साहेब उठून बसले.

"वा!" ते म्हणाले. "अहो, वापर म्हणजे झीज. लोक जुने कपडे वापरतात, म्हणून तर ते जुने होतात! आपण हे थांबवू."

आणि 'गृहशिवण स्मृतिदालन' उभं राहिलं. अभ्रकाच्या पारदर्शक पेट्या बनल्या. शलाका दारोदार फिरली. तिच्या बोलण्यात खरी कळकळ होती, म्हणून कोणाला नाही म्हणता येईना. सशीणबाईंनी सासूची चोळी दिली. अस्वलाने आजोबांची कानटोपी दिली आणि स्वतः शिंकत बसला. पण दुसऱ्याच्या घरचं मागायचं आणि स्वतःच्या घरचं ठेवायचं, हे शलाकाला पटेना. ती तत्त्वाची मुलगी होती. तिने आईचं गाठोडंही उचललं.

"अगं, दुपट्याचं काय?" सरूताईने विचारलं.

"ते मी शिवते. शास्त्रशुद्ध."

तिने नवं कोरं कापड आणलं. खळ लावली. सात पदर म्हणजे अंधश्रद्धा, असं तिच्या पुस्तकात होतं. तिने दोन पदर घेतले. ओळी आखून घेतल्या आणि शिवताना एक शब्द बोलली नाही. सगळे टाके एका मापाचे आले. दुपटं इतकं सुंदर झालं की ते भिंतीला टेकवलं तर उभं राहायचं.

आत्याने त्यावर बोट वाजवून पाहिलं. "टकटक करतंय," ती म्हणाली. "आत कोणी आहे का?"

दालन सजलं. मधोमध आबांच्या सदऱ्याची पेटी. खाली पाटी होती: 'सदरा. काळ: आबा. हात लावू नये.' नियमावली शलाकानेच लिहिली. 'पेटीतील वस्तू कोणत्याही कारणाने बाहेर काढता येणार नाही. कारण असल्यास अर्ज करावा. अर्जाचा विचार पंधरा दिवसांत होईल.' साहेबांनी नियमावली दोनदा वाचली आणि त्यांचे डोळे भरून आले. उद्घाटनाला राजेसाहेब येणार होते. त्यांच्या हस्ते शलाकाला 'प्रधान स्मृतिरक्षक' ही पदवी मिळणार होती. दालनाची एक किल्ली तिच्या कमरेला आदल्या दिवशीच लागली.

त्याच आदल्या दिवशी, दिवेलागणीला, सरूताई बाळंत झाली.

पिलू एवढंसं होतं. गुलाबी, ओलं, अंगावर केसांसारखे मऊ काटे. आईने ते नव्या दुपट्यात गुंडाळून ताईच्या हातात दिलं. ताईने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या अंगावरचा काटा न् काटा ताठ झाला.

पिलू किंचाळलं.

ताईने झटकन हात लांब केले. दुपट्यातून चार काटे आरपार गेले होते. तिने श्वास रोखून काटे मिटायचा प्रयत्न केला आणि पुन्हा जवळ घेतलं. पिलू पुन्हा किंचाळलं. तिसऱ्यांदा ताईने घेतलंच नाही. तिने ते पानांवर ठेवलं आणि स्वतः हातभर मागे सरकली.

"मी इथूनच बघते त्याला," ती म्हणाली.

पिलू तोंड उघडून इकडेतिकडे मान वळवत होतं. आई सवयीने कोपऱ्यातल्या गाठोड्याकडे गेली. कोपरा मोकळा होता. ती तशीच परत आली आणि अंगावरचं लुगडं फाडू लागली. एकच पदर निघाला. काही झालं नाही त्याने.

कोणी शलाकाला बोललं नाही. गोदाआत्यासुद्धा नाही. ते फार वाईट होतं.

शलाका धावत दालनाकडे गेली. उदमांजरसाहेब दाराला तोरण बांधत होते.

"साहेब, आमच्या घरचे कपडे परत हवेत. बाळासाठी."

"अवश्य," साहेब म्हणाले. "अर्ज करा."

"पंधरा दिवस पिलू उपाशी राहील का?"

"तसं अर्जात लिहा. सोबत पिलाच्या वयाचा दाखला जोडा."

"अहो, ते आज जन्मलंय!"

"मग दाखला छोटासा असेल. बरंच झालं."

"नियम मीच लिहिलेत, साहेब. मला मोडता येणार नाहीत?"

"तुम्ही फार चांगले लिहिलेत हो," साहेब आदराने म्हणाले. "वाईट लिहिले असते तर मोडले असते."

किल्ली शलाकाच्या कमरेला होती. तरीही ती परत फिरली. शिकलेल्या मुलीला कुलूप उघडता येतं, पण स्वतःचं अक्षर ओलांडणं कठीण जातं.

घरी आईने कापूस भिजवून पिलाच्या तोंडात दूध पिळलं. ताई हातभर लांब बसून ते बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शलाकाने ठरवलं. सूर्य उगवता उगवता तिने दालन उघडलं, घरच्या पेट्या फोडल्या आणि घरचं सगळं गाठोडं पाठीवर टाकून आणलं. आजीचं लुगडं, काकांचं धोतर, आत्याचं लग्नातलं पातळ, सगळं. बिळाच्या दारात तिने सदरा पसरला, कात्री घेतली आणि खांद्यावरून सरळ खाली कापला.

पदरावर पदर पडले. तिघी तीन बाजूंनी बसल्या आणि घरातल्याच गळलेल्या काट्यांच्या सुया भराभर चालू लागल्या. तान्ह्याचं दुपटं ते केवढंसं!

"बोल काहीतरी," आत्या म्हणाली. "मुक्याने ओळ घालायची नसते."

शलाकाने उसवलेल्या कॉलरवरून बोट फिरवलं. मग ती म्हणाली, "आबा हा सदरा घरात उलटा घालायचे."

"सुलटी बाजू पाहुण्यांसाठी!" आई म्हणाली.

"आणि पाहुणे आले की घाईघाईने काढून सुलटा करायला जायचे, आणि काट्यांत अडकायचे. मग सदऱ्याच्या आतूनच म्हणायचे, या, बसा, घरचे सगळे बरे आहेत ना?"

"एकदा माझ्या सासरच्यांशी सबंध वेळ तसेच बोलले," आत्या म्हणाली. "ते लोक म्हणाले, भाऊ फार मर्यादशील आहे हो तुमचा."

शलाका हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. ओळ सदऱ्याच्या मधूनच निघाली आणि डोंगर चढून भलतीकडे उतरली.

"उसव की," आत्या म्हणाली. "तुझं पुस्तक काय म्हणेल?"

"पुस्तक आलं तर सांग, मी घरी नाही."

शेवटचा दोरा आईने दातांनी तोडला. पिलाला गुंडाळून ताईकडे दिलं. ताईचे काटे उभे राहिले, सातपैकी पाच पदरांत शिरले आणि तिथेच गुंतून बसले. पिलू किंचाळलं नाही. त्याने शोधलं, त्याला सापडलं, आणि ते चुटूचुटू दूध पिऊ लागलं.

एवढ्यात उदमांजरसाहेब धापा टाकत आले.

"राजेसाहेब दारात उभे आहेत! मधली पेटी रिकामी आहे! पदवीपत्रावर शाई वाळली आहे! सदरा कुठे आहे?"

शलाकाने दुपट्याकडे बोट दाखवलं.

"तो उसवून घ्या! अजून वेळ आहे. पुन्हा जोडू, पाटी बदलू, कोणाला कळणार नाही. नाहीतर पदवी गेली म्हणून समजा."

शलाकाने कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातात ठेवली.

"नोंद करून घ्या, साहेब," ती म्हणाली. "आबा कामावर गेलेत."

त्याच क्षणी पिलाने दुपट्यात आपला अभिप्राय दिला. तो सातही पदरांतून खाली आला आणि साहेबांच्या पायावर पडला.

तात्पर्य: मुलांनो, घरातल्या आठवणी नीट जपायच्या असतील तर त्यांना ऊन, वाळवी आणि विशेषतः तान्ही मुलं यांच्यापासून दूर ठेवा. मुलं आठवणी ओल्या करतात. मग त्या रोज धुवाव्या लागतात, रोज दोरीवर वाळत घालाव्या लागतात. आणि दोरीवर वाळत घातलेल्या वस्तूचं उद्घाटन करायला कोणतेही राजेसाहेब येत नाहीत.