स्वरदाच्या सागवानी कुबड्या

हा रोल दुसऱ्या कुणाला मिळणं शक्यच नव्हतं! स्वरदाने तसं जाहीरच करून टाकलं होतं, तेही भाजीच्या गाडीभोवती जमलेल्या अख्ख्या सोसायटीसमोर.

"सिनेमातल्या मुलीला पोलिओ, मला पोलिओ. ती कुबड्या घेते, मी कुबड्या घेते. ती नाशिकची, मी नाशिकची! ऑडिशन कसली काकू, नुसती सही करायला जायचंय!"

आणि खोटं काय होतं हो त्यात? हौशी नाटकांच्या विंगेत पोरीने उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. आवाज असा, की शेवटच्या रांगेतली डुलकीसुद्धा दचकून उठावी. पण भूमिका? "तू प्रॉम्प्टिंग कर ग, तुझं पाठांतर छान आहे," असं गोड बोलून दर वर्षी तिला विंगेतल्या स्टुलावर बसवायचे. राणी अडखळली की राणीचं वाक्य स्वरदाचं, दासी अडखळली की दासीचं. टाळ्या मात्र उजेडातल्यांच्या. आता पहिल्यांदाच अशी भूमिका आली होती, जिच्या वाटेत तिचे पाय येणार नव्हते. एकदा, फक्त एकदाच, तिला त्या उजेडात जायचं होतं.

आणि कुबड्या? काय वर्णाव्यात! पेठ गावाकडच्या फकिरा सुताराने तिच्या मापाने घडवलेल्या, अस्सल सागवानी. काखेखाली आईच्या जुन्या लुगड्याची मऊ घडी. मुठीपाशी लाकूड हाताळून हाताळून असं गुळगुळीत झालेलं, जणू नदीतला गोटा. आशामावशी लाडात आली की ओवीच धरायची,

कुबडी ग बाई माझी, सागवानाची सावली,
पाय जिथं अडखळे, तिथं आधी ती धावली!

ऑडिशन नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका मंगल कार्यालयात होती. मावशीला घेऊन स्वरदा दिमाखात आत शिरली आणि दारातच थिजली. खुर्च्यांवर ओळीने पोरी बसलेल्या, आणि प्रत्येकीच्या मांडीवर कुबड्या! ॲल्युमिनियमच्या, कोऱ्या करकरीत, काहींचं तर प्लॅस्टिकही काढलेलं नाही.

"अगं बाई!" मावशी कळवळली. "नाशकात एवढा पोलिओ?"

तेवढ्यात एकीचा फोन वाजला. तिने कुबड्या खुर्चीला टेकवल्या, टुणकन उडी मारली आणि रेंज शोधत दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढून गेली.

"तू कुठून आणल्यास ग?" शेजारची तिच्या शेजारणीला विचारत होती.

"भाड्याने. सर्जिकलवाला म्हणाला, ताई, शेवटची जोडी उरलीय. कसली साथ आलीय का शहरात?"

मावशीने स्वरदाला एका रिकाम्या खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यांकडे एक लांब नजर टाकली. "बऱ्या होतील हो लवकर," ती म्हणाली आणि चहा शोधायला बाहेर पडली. तीच चूक झाली!

कारण मावशीची पाठ वळली आणि कमरेला वॉकीटॉकी लावलेला प्रॉडक्शनचा चंदर अवतरला. मघाशीच एक पोरगी दुसरीच्या कुबडीला अडखळून चारी मुंड्या चीत झाली होती. चंदरने टाळी वाजवली.

"सगळ्यांनी कुबड्या जमा करा! इथे पडापडी नको. आत जाताना मिळतील!"

पोरींनी खुशीत कुबड्या देऊन टाकल्या, आळस दिला, दोघी तर सेल्फी काढायला खिडकीकडे धावल्या. स्वरदाने आपल्या घट्ट धरल्या.

"दादा, या माझ्या आहेत."

"सगळ्यांच्या आपापल्याच आहेत, ताई."

"तसं नाही. मला खरंच लागतात!"

चंदरच्या चेहऱ्यावर आदर उमटला. "मानलं! बाहेर बसूनसुद्धा कॅरेक्टर सोडत नाही! पुढे जाल तुम्ही." आणि त्याने त्या अलगद काढून घेतल्या.

पुढे कशी जाणार? ती तर आता जागचीही हलणार नव्हती!

मग एकेक पोरगी आत जाऊ लागली. जाताना ढिगातली हाताला लागेल ती जोडी उचलायची. मृण्मयी नावाची एक रीलवाली होती, लाखभर लोक तिचं नाचणं बघायचे. तिने नेमकी सागवानी जोडी उचलली!

"ओ ताई! त्या माझ्या!" स्वरदा ओरडली.

"आले हं पाच मिनिटांत!" मृण्मयी गोड हसली आणि दाराआड गडप झाली. पाच मिनिटांनी आतून टाळ्या ऐकू आल्या. मृण्मयी बाहेर आली, आनंदाने उड्या मारत, दोन्ही हात मोकळे!

"स्वरदा कोण? चला, आत!" चंदर दारातून ओरडला.

"माझ्या कुबड्या द्या आधी."

"आत आहेत. या की घेऊन."

"आत येऊ कशी?"

"चालत!"

काय करणार बिचारी? तिने समोरची प्लॅस्टिकची खुर्ची पुढे ढकलली, तिच्या पाठीला धरून पाऊल टाकलं, पुन्हा ढकलली. फरशीवर खुर्ची अशी किंचाळत होती, जणू तिचंच लग्न तिच्या मनाविरुद्ध लागतंय! दिग्दर्शक शौनक सर खुर्चीतून उठलेच.

"वा! कुबड्यांची प्रॉपर्टी नाही, तर खुर्ची वापरली! याला म्हणतात सुचणं! आता असं करा, इंटरव्हलनंतर हिचं ऑपरेशन होतं आणि ती घाटावरून धावत सुटते. खुर्ची सोडा आणि धावून दाखवा."

"मला धावता येत नाही."

"हळू धावा."

"सर, मला पोलिओ आहे. खराखुरा."

खोलीतले सगळे असे खाली बघू लागले, जसे जेवणाच्या पंगतीत कुणी उसने पैसे मागितल्यावर बघतात. शौनक सरांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ताई, आमचा सिनेमा तुमच्यासाठीच आहे हो."

"मग मी आहे का त्यात?"

"तुम्ही पहिल्या रांगेत असाल ना, प्रीमियरला!"

"मी एक उतारा पाठ करून आले होते. दोन मिनिटांचा आहे. बसूनच म्हणते. म्हणू?"

"ऐकला असता... पण समजून घ्या. तुम्ही जे आहात तेच दाखवणार. त्यात अभिनय कुठे आला? आणि खरं सांगू का, तुमच्या चेहऱ्यावर ते दुःखच दिसत नाही. मृण्मयीने बघा, दोन पावलांत रडवलं सगळ्यांना!"

उतारा तसाच घशात राहिला. दुसऱ्यांची एवढी वाक्यं आयुष्यभर पुरवली, आणि स्वतःचं एक ऐकायला कुणाला दोन मिनिटं नव्हती.

"बरं," ती म्हणाली. "माझ्या कुबड्या तेवढ्या द्या."

आता कला दिग्दर्शकाने मान खाजवली. "सागवानी? ती लुगड्याची घडीवाली? अहो, काय चीज आहे ती! अशी झीज आम्हाला महिनाभर पॉलिशकाम करूनही जमली नसती. मृण्मयीसाठी फायनल केली. टेंपो सामान घेऊन आत्ताच मागच्या दाराने सायखेड्याला गेला, उद्या नदीकाठी शूटिंग आहे. शेवटच्या दिवशी पोचती करतो. चंदर, ताईंना दुसऱ्या दे रे!"

चांगल्या जोड्या पोरी घेऊन गेल्या होत्या; चंदरने प्रॉडक्शनच्या अडगळीतून दोन जुन्या शोधल्या. एक सहा फुटी पुरुषाची, दुसरी शाळकरी पोराची! खटके गंजलेले, उंची कमी-जास्त होईना. तेवढ्यात हातात चहाचे दोन कप घेऊन मावशी परतली, आणि भाचीला बघून दोन्ही कप तिने चंदरच्या हातात कोंबले.

"मेल्यांनो, काय केलंत माझ्या पोरीचं?"

"चल मावशी," स्वरदा म्हणाली.

ती निघाली. डावा खांदा आभाळाला, उजवा जमिनीला. पाऊल पडे तिथे अंग हेलपाटे, मान लटके, तोंड वेडंवाकडं होई. जन्मात कधी इतकं वाईट चालली नव्हती बिचारी! फाटकापर्यंत पोचली, तोच मागून धापा टाकत शौनक सर आले.

"थांबा! नका थांबू! चालत राहा! हेच! ही तडफड, हा झोक! अहो ताई, आत असं का नाही चाललात?"

स्वरदाच्या काळजात क्षणभर कुणीतरी दिवा लावल्यासारखं झालं. "म्हणजे... मी?"

"उद्या सायखेड्याला याच! मृण्मयीला हे शिकवा. अगदी हुबेहूब आलं पाहिजे!"

रिक्षात मावशीच्या तोंडाचा पट्टा सुरू होता, द्वारका चौकातल्या हॉर्नांच्या वर तिचा आवाज. "तोंडावर नाही म्हणून आलीस ना? सांग, आलीस ना?"

"येते म्हणाले."

"काय? अगं, स्वाभिमान आहे की नाही तुला? त्या नाचरीला शिकवणार? का म्हणून?"

स्वरदाने मांडीवरच्या त्या उंच-बुटक्या जोडीकडे पाहिलं आणि खांदा चोळला.

"तिचं जेवण चालू असेल ना मावशी, तेवढा वेळ तरी माझ्या मला वापरायला मिळतील!"