कुंताबाईचा फारम आणि प्रविणचा माऊस

प्रविणने माऊस उजवीकडे नेला की पडद्यावरचा बाण वर जाई, आणि वर नेला की तो जागच्या जागी थरथरे. त्याच्या घरातल्याच कॉम्प्युटरच्या दुकानात समोरच्या बाकावर कुंताबाई कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी तिचा नवरा यादोराव दर दोन मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. सव्वाबारा वाजले होते. ग्रामपंचायतीचा उमेदवारी अर्ज आधी कॉम्प्युटरवर भरायचा, मग त्याचा कागद काढून, सही करून, तीनच्या आत तुमसरच्या तहसीलीत द्यायचा होता. आणि आजचा दिवस शेवटचा होता.

"काहून रे प्रविण, याले का झालं?" कुंताबाईने विचारलं.

"दसऱ्यापासून असाच करून राहिला काकू. त्याच्या आधी चांगला चालत होता."

"मशीनलेच मंजूर नाही वहिनी," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून श्यामराव म्हणाले.

"मशीन का मतदार आहे भाऊजी? तिले कोण विचारते!"

सिहोऱ्याजवळच्या या गावात वीस वर्षं कोणी मतदान पाहिलं नव्हतं. सातही जागा समाजमंदिरातल्या सतरंजीवर ठरत. सरपंच श्यामराव नावं वाचत, लोक टाळ्या वाजवत, चहा येई. वार्ड एकमधून स्वतः श्यामराव, हे तर वाचायचीही गरज नसे. या वेळी वार्ड तीनच्या बायकांच्या जागेवर त्यांनी आपल्या सुनेचं, शालूचं नाव वाचलं, तेव्हा मागच्या रांगेतून कुंताबाई उठली. वार्ड तीनच्या बोरिंगच्या हातपंपाचा दांडा तुटून दोन उन्हाळे झाले, तो दांडा कोण लावणार, असं तिने विचारलं. कोणी लावणार नसेल तर मीच उभी राहीन, असंही म्हणाली.

श्यामराव सगळ्यांदेखत हसले होते. "वहिनी, त्याच्यासाठी फारम भरा लागते. सही गिरवण्याइतकं सोपं नाही ते."

कुंताबाई अठ्ठावन्नाव्या वर्षी साक्षरता वर्गात अक्षरं शिकली होती. तेव्हापासून तिने कुठे अंगठा दिला नव्हता आणि वाचल्याशिवाय सही केली नव्हती. गॅसवाला पोरगा सिलेंडर खांद्यावरून उतरवून उन्हात उभा राही आणि कुंताबाई पावतीवरचा शेवटचा बारीक अक्षरातला नियम वाचूनच त्यावर नाव लिही. श्यामरावांचं ते वाक्य तिला रात्रंदिवस टोचत होतं. बोरिंगपेक्षाही जास्त.

श्यामरावांचा स्वतःचा अर्ज पहिल्याच दिवशी मुहूर्त पाहून गेला होता. आज ते नुसते बसायला आले होते.

प्रविणने वायर काढून पुन्हा लावली. मग वायरच्या तोंडात फुंकर मारली. मग माऊस टेबलावर दोनदा आपटला.

"गुळगुळीत टेबलावर चालत नाही तो," यादोराव म्हणाला. त्याला यातलं काही कळत नव्हतं, पण गप्प बसलं की घड्याळ जास्त मोठ्याने वाजल्यासारखं वाटे. माऊस वहीवर ठेवून पाहिला, कॅलेंडरवर ठेवून पाहिला. शेवटी यादोरावने आपला गुडघा पुढे केला. धोतरावर बाण थोडा सरळ गेला, पण यादोरावला गुदगुल्या झाल्या, प्रविणला धक्का बसला आणि अर्जात कुंताबाईच्या वयाच्या जागी सहाशे चौसष्ट आलं.

"बंद करून चालू कर," श्यामरावांनी सल्ला दिला.

प्रविणने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. कॉम्प्युटरने पडद्यावर गोल चक्र फिरवलं आणि कृपया थांबा असं सांगितलं. पंचवीस मिनिटं गेली.

"काय वाचून राहिली तू?" यादोरावने बायकोला विचारलं.

"कृपया थांबा."

"ते तं केव्हाचं आहे!"

"मंग, बदललं तं समजलं पाहिजे न."

आतून प्रविणची बायको डिंपल चहा घेऊन आली. तिने माऊस उचलला, उलटा केला आणि जीभ चावली. "अगबाई! याच्या डोळ्यात कुंकू गेलं!"

दसऱ्याला या भागात घरातलं प्रत्येक अवजार पुजतात. नांगर, विळा, कुऱ्हाड, मोटारसायकल. प्रविणचं अवजार म्हणजे कॉम्प्युटर. पूजेला मान म्हणून श्यामरावांनाच बोलावलं होतं, आणि त्यांनी कशातच हात आखडता घेतला नव्हता. माऊसच्या पोटाखालचा लाल दिवा हळदीकुंकवाने पार बुजला होता.

"देवाचं कुंकू आहे, पुसू नोको," श्यामराव म्हणाले.

"देवाले बी फारम भरता येते का पाहू मंग," म्हणत कुंताबाईने पदराच्या टोकाने तो दिवा लख्ख पुसला.

बाण शहाण्यासारखा चालू लागला. पण आता दुसरंच सुरू झालं. प्रविण एक रकाना भरे आणि पान आपोआप सरकन वर जाई. खाली आणलं की पुन्हा वर. माऊसचं मधलं चाक कोणी हात न लावता फिरल्यासारखं करत होतं.

त्यातही अर्ज निम्म्यावर आला. मग जाहीरनाम्याचं पान उघडलं आणि कुंताबाई खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली.

"काकू, हे सगळेच मान्य करतात. मी खूण करतो."

"थांब. मी... खालील... सही करणार..."

ती दुसऱ्या परिच्छेदापर्यंत आली आणि पडदा पांढरा झाला. वेळ संपला, पुन्हा आत या, असं त्यावर लिहिलं होतं. भरलेलं सगळं गेलं.

पावणेदोन झाले होते. शाळेला सुट्टी, तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप. सिहोऱ्याहून दुसरा माऊस आणायचा तर जाऊन येऊन तासभर. यादोराव उठून उभा राहिला. "जाऊ दे न कुंते. पुढच्या बारीले पाहू."

"पुढच्या बारीले मी सत्तरीला टेकीन. प्रविण, पुन्हा भर."

प्रविणने पुन्हा भरायला घेतलं. नाव, वय, वार्ड तीन, पत्ता. पान वर सरकलं की कुंताबाई "खाली घे" म्हणे, तो चाक फिरवून खाली घेई. या वेळी जाहीरनाम्यावर तिने खूण करू दिली. सव्वादोनला प्रिंटरमधून चार कागद बाहेर आले. कुंताबाईने चष्मा लावला आणि पहिला कागद हातात घेतला.

"वाचा वाचा," श्यामराव पाय लांब करत म्हणाले. "तुमचं वाचन होईपर्यंत तीन इथंच वाजते."

कुंताबाईने चष्मा काढला. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने न वाचता सही केली, चारही कागदांवर, पूर्ण नाव, आडनावासकट. प्रविणने मोटारसायकल काढली. ती मागे बसली. पिशवी यादोरावच्याच हातात राहिली, तेव्हा तो धोतर सावरत पन्नास पावलं मागे पळाला आणि ती देऊन परत आला.

तहसीलीत तीनला सात मिनिटं कमी असताना अर्ज घेतला गेला. पोच मिळाली. ती मात्र कुंताबाईने पायरीवर बसून अक्षर न् अक्षर वाचली. मग पुन्हा वाचली.

"प्रविण, वार्डाच्या जागी हा एकचा आकडा आहे न? मले तं एकच दिसून राहिला."

प्रविणने पाहिलं आणि खालीच बसला. प्रभाग क्रमांक एक.

ते गावात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. प्रविणच्या दारात श्यामराव उभेच होते. या वेळी ते हसत नव्हते.

"माझ्याच वार्डात? प्रविण, कोणी शिकवलं तुले हे?"

"देवाशपथ मामाजी, मी तीनच टाकला होता! ते चाकानं केलं. वार्ड निवडल्यावर चाक फिरलं की आकडा बी फिरते. पान खाली घ्या गेलो अना तीनचा एक झाला."

"चाक आपोआप फिरते का?"

"खोलून पाहा न."

प्रविणने माऊस उलटा धरून स्क्रू काढले. चाकाच्या फटीत काहीतरी पांढरं अडकलं होतं. ते त्याच्या बोटाला लागेना. कुंताबाईने केसातला आकडा काढला, त्याच्या टोकाने ते अलगद उपसलं आणि तळहातावर घेतलं. तांदळाचा दाणा होता. एका बाजूने पिवळा, हळदीचा.

जन्मभर सुपात तांदूळ निवडलेल्या बाईला दाणा ओळखायला चष्मा लागत नाही. तिने तो दोन बोटांत फिरवला, नाकाशी नेला. बारीक, आखूड, वासाचा.

"चिनोर," ती म्हणाली.

चिनोर जातीचा धान उतरतो कमी, म्हणून गावातल्या सगळ्यांनी तो कधीच सोडला होता. तो अजून लावणारं घर एकच होतं. आणि दसऱ्याच्या पूजेला घरच्या चिनोरच्या अक्षता खिशातून आणून मूठ मूठ टाकणारा माणूसही एकच.

श्यामराव खुर्चीवर बसले. मग खुर्ची जरा कुंताबाईकडे ओढून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, झालं ते झालं. मागं घ्याले अजून मुदत आहे. वार्ड तीनची जागा तशीबी... शालू तुमसरलेच राहते. मी तिले मागं घ्या लावतो, रिकाम्या जागी पोटनिवडणुकीत तुमाले बिनविरोध आणतो. बोरिंगचा दांडा उद्या लावून देतो."

"उद्या?"

"आजच लावतो."

यादोरावने बायकोकडे आशेने पाहिलं. तो दोन उन्हाळे पाणी दुसऱ्या वार्डातून आणत होता.

कुंताबाईने तो दाणा पदराच्या टोकात बांधला. गाठ नीट मारली. "दांडा लावा भाऊजी, सरपंचाचं कामच आहे ते. पण अक्षता तुमीच टाकल्या. टाकलेल्या अक्षता कोणी मागं घेते का?"

श्यामराव उठले. दारात जाऊन थोडा वेळ उंबऱ्याशीच उभे राहिले. चप्पल डाव्या पायाची उजव्या पायात जात होती. मग ते वळले. प्रविणचं घर वार्ड एकमध्ये येत होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा श्यामरावांनी त्या घरच्यांपुढे दोन्ही हात जोडले.

"प्रविण, डिंपलबाई... लक्ष असू द्या."

"हो न," कुंताबाई बाकावरून म्हणाली, "आमच्यावर बी."