त्र्याऐंशी मालकांचा स्वतंत्र सुतार

मंगळवार, ता. ८ मार्च १९२७ रोजी सकाळी साडेनऊ वाजता कान्हे गावचा सुतार गेणू याने लोणावळ्याच्या परदेशगमन चौकशी कचेरीत अर्ज दिला. बायको रतनबाईसह मोंबासाला कायमचे जायचे आणि तिथे कुणाची चाकरी न करता स्वतःचे सुतारकाम करायचे, एवढेच त्यात होते. तिथे मेहुणा भिमाजी याने दुकानाला जागा पाहून ठेवली होती. ती मेअखेरपर्यंतच राखता येईल, असे त्याने कळवले होते.

माणसाने स्वतंत्र असणे ही मोठी गोष्ट आहे. पण दुसऱ्या कुणी लिहून दिल्याशिवाय ती खरी धरता येत नाही. कचेरीचा सातवा नियम याच पायावर उभा आहे: स्वतंत्र कारागिराने आपण स्वतंत्र असल्याबद्दल मालकाचा दाखला जोडावा.

"मालक कोण?" कारकुनाने विचारले.

"कुणी न्हाई, रावसाहेब. माझा मीच."

"मग पोटाला कोण घालतं?"

"गाव घालतं. सुगीला समदी घरं बलुतं देत्यात."

"घरं किती?"

"त्र्याऐंशी."

कारकुनाने 'मालकाचे नाव' या रकान्यात त्र्याऐंशी हा आकडा घातला आणि प्रत्येक मालकाची संमती आणण्यास सांगितले. (कचेरीचा उदारपणा इथे नोंदला पाहिजे: सहीऐवजी अंगठा चालणार होता.)

कान्हेकरांनी गेणूला अडवले, हा आरोप निराधार आहे. एकाही घराने नकार दिला नाही. अंगठा शाईला लावण्यापूर्वी प्रत्येकाने एक काम तेवढे सांगितले; जाणारा माणूस पुन्हा थोडाच भेटणार? हौशीराम पाटील म्हणाले, "जा की खुशाल! आमी काय धरून ठेवलंय व्हय? नांगूर तेवढा उभा करून जा." मेच्या मध्यापर्यंतचा तपशील असा: नांगर एकेचाळीस, कुळव एकोणीस, बाजा बारा, दारे सात, पाळणे तीन. (तीनपैकी एका घरी मुलाचे लग्न व्हायचे आहे, पण दूरदृष्टी हा गुन्हा नव्हे.) एकूण अंगठे ब्याऐंशी.

त्र्याऐंशीवे घर झुंबरबाईचे. म्हातारी एकटी राहते.

"मावशी, तेवढा अंगठा द्या."

"देते की. पर काम काय सांगू? काय मोडलंच न्हाई रं."

"मग तसाच द्या."

"तसाच? समद्या गावानं काम घेतलं, अन् म्या येकलीच खुळी व्हय? मोडू दे कायतरी, मग ये."

झुंबरबाईच्या घरातले दार, बाज आणि पाट गेल्या बारा वर्षांत गेणूनेच केलेले आहेत. रतनबाईने पाटावर उभे राहून दोनदा उडी मारली. पाट करकरलासुद्धा नाही.

"हाण अजून," झुंबरबाई म्हणाली. "सागाचा हाय."

परत येताना रतनबाई नवऱ्याला एवढेच बोलली, "जरा वंगाळ काम कराया काय झालतं तुमाला? आज बोटीत असतो."

बोट ता. २६ मे रोजी गेली. भिमाजीने जागेची मुदत ऑगस्टअखेरपर्यंत वाढवून घेतली. त्यापुढे ती दुसऱ्याची.

इथवरची हकिकत जूनमध्ये याच वर्तमानपत्रात छापून आली, तेव्हा आपणां वाचकांपैकी एकोणीस जणांनी पत्रे लिहिली. गेणूवर अन्याय झाला, हे एकोणीसही जणांना मान्य आहे. त्यांतल्या सतरा जणांनी अखेरच्या ओळीत त्याचा पत्ता विचारला: असा सुतार पुण्यात मिळत नाही, माडीची खिडकी लागत नाही, जाण्यापूर्वी एकवार येऊन जाईल का? गेणू सतराही घरी जाऊन आला. (चहा सर्वत्र मिळाला.)

कचेरीने याची तत्परतेने दखल घेतली. मालकांची संख्या आता बरोबर शंभर झाली असून संमतीचे छापील नमुने सतराही वाचकांना रजिस्टर टपालाने गेले आहेत. आपण सर्व शिकलेले असल्यामुळे अंगठा नको, नुसती सही पुरे, अशी सवलतही त्यात दिली आहे.

आज, ता. २० ऑगस्टच्या सकाळच्या टपालापर्यंत एकही नमुना परत आलेला नाही. दोघांनी कपाटाची मापे पाठवली आहेत.