वॉम्बॅटची वडी

"वॉम्बॅटची शी चौकोनी का असते?"

हा प्रश्न अनयाने विचारायचा होता. माईकवर! मराठीत आणि इंग्रजीत! अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला, शंभर माणसांसमोर, पडद्यावर थेट ऑस्ट्रेलियाहून दिसणाऱ्या बाईंना!

पैज लावली होती कबीर आणि वेदने. दोघंही तिच्याच हायस्कूलमधले, तिच्याच वर्गातले, आणि पैज लावण्यापलीकडे दोघांनाही काही काम नसलेले.

"तू नाही विचारणार," कबीर म्हणाला. "यू विल चिकन आउट, यार."

"मी? हॅलो! बालवर्गाची मिस आहे मी!" अनया म्हणाली. "अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं विचारते की नाही बघ."

आता, मागच्या वर्षीपर्यंत हीच मुलगी पिझ्झा मागवायचा असला तरी आईला फोन करायला लावायची, हे खरं. पण सप्टेंबरमध्ये चमत्कार झाला. मराठी शाळेत बालवर्ग घेणाऱ्या बाई टेक्सासला राहायला गेल्या आणि मुख्याध्यापिका वसुधाकाकूंनी वर्ग अनयाच्या हाती दिला. पहिल्या रविवारी ती वर्गातून बाहेर आली तेव्हा केसांत डिंक होता, बाहीवर जांभळा रंग होता आणि मान जिराफासारखी ताठ होती. ती मान अजून खाली आली नव्हती.

अडचण एकच होती. वर्गात मुलं उरली होती सहा. बाकीची सॉकरला पळाली होती. वसुधाकाकूंनी स्पष्टच सांगितलं, "हे बघ अनया, संक्रांतीला सगळे पालक येतील. त्यांना काहीतरी दिसू दे. मुलं वाढली नाहीत तर तुझा वर्ग पहिलीत मिसळावा लागेल. मग तू परत खुर्च्या मांडायला."

खुर्च्या! अनयाने चार वर्षं खुर्च्या मांडल्या होत्या. घडीच्या, लोखंडी, बोटं चिमटणाऱ्या. छे! मेली तरी परत खुर्च्या नाहीत!

म्हणून तिने आपलं गुप्त हत्यार बाहेर काढलं. ऑस्ट्रेलियात होबार्ट नावाच्या गावी एक छोटंसं प्रकाशन आहे. चार माणसं आणि एक कुत्रा, असं तेच स्वतःबद्दल लिहितात. 'चार वर्षांची मुलं एका जागी बसत नाहीत, काय करू' असं शोधता शोधता ते अनयाला सापडलं होतं. मुलांच्या पुस्तकांबरोबर वर्गात करायचे खेळ, प्रश्न, चित्रं, सगळं फुकट! नाव नोंदवताना 'शिक्षक की पालक?' असं विचारलं होतं. 'शिक्षक'वर बोट ठेवताना अनयाला आपली उंची दोन इंच वाढल्यासारखी वाटली. तेव्हापासून दर पंधरवड्याला त्यांचं बातमीपत्र यायचं. कुठलं पुस्तक छापून आलं, कोणाला बक्षीस मिळालं, कुत्र्याने कुठली हस्तलिखितं चावली. केमिस्ट्रीचं पुस्तक उघडताच जिला झोप यायची ती हे सगळं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

जानेवारीत बातमी आली. वॉम्बॅट या ऑस्ट्रेलियातल्या गुबगुबीत, बिळात राहणाऱ्या प्राण्यावर नवीन चित्रपुस्तक! सोबत वर्गासाठी साहित्य! आणि हवं असेल त्या वर्गाशी प्रकाशनाच्या मार्गोबाई व्हिडिओवर स्वतः बोलतील! अनयाने लगेच मेल टाकला. आपल्याकडे रविवारी दुपारचे चार, म्हणजे तिकडे सोमवारी सकाळचे नऊ. संक्रांतीच्या कार्यक्रमाला अगदी फिट्ट! (फेब्रुवारीत कसली संक्रांत, असं विचारू नका. अमेरिकेत संक्रांत हॉल रिकामा मिळेल त्या रविवारी येते.)

वॉम्बॅटची शी खरोखरच चौकोनी असते. म्हणून वर्गात तिचे ठोकळे करायचे होते. कृती दिली होती: कणीक, कोको, तेल आणि ठोकळे टिकावेत म्हणून दोन वाट्या मीठ.

रविवारी दोन वाजता सहा मुलं गोळे घेऊन बसली. दहा मिनिटांत एकाने साप केला, दुसऱ्याने पिझ्झा केला आणि ओवी नावाच्या चिमुरडीने आजीचं नाक केलं. चौकोनी म्हणाल तर एक नाही!

पण अनया घाबरली नाही. आईला वड्या थापताना तिने जन्मभर पाहिलं होतं. तिने स्टीलच्या ताटाला तेल लावलं, सगळे गोळे एकत्र करून थापले आणि सुरीने उभ्या-आडव्या रेघा मारल्या. छत्तीस ठोकळे! कडा कशा, अगदी पट्टीने आखल्यासारख्या! वॉम्बॅट गवत खातो, तेव्हा वर थोडं वाळलेलं गवत लावा, असंही कृतीत होतं. बाहेर दोन फूट बर्फ होता. गवत थेट एप्रिलमध्ये दिसणार! हॉलच्या स्वयंपाकघरात मात्र तिळाची पिशवी होती. अनयाने सढळ हाताने तीळ भुरभुरवले.

"परफेक्ट पूप, मिस अनया!" ओवी म्हणाली.

ताट वाळायला खिडकीत ठेवून सगळी वरात हात धुवायला गेली.

आणि तेवढ्यात नागपूरच्या प्रणितामावशी हॉलमध्ये शिरल्या. हे अर्थात अनयाला नंतर कळलं. "अगं बाई, हे वड्यांचं ताट इथे कोण विसरलं?" असं म्हणून मावशींनी ते उचललं आणि खाऊच्या टेबलावर नेऊन ठेवलं. नेमकं अनयाच्या आईने, म्हणजे अपर्णाने केलेल्या तिळाच्या वड्यांशेजारी!

अनया तेव्हा प्रोजेक्टरच्या वायरीशी झुंजत होती. मागून काय काय कानावर पडत होतं, पण लक्ष कोणाचं?

"वेगळीच आहे हो चव!"

"चॉकलेट आणि तीळ. फ्यूजन म्हणतात त्याला."

"साखर अजिबातच नाही वाटतं?"

"मग मला चालेल. माझी शुगर बॉर्डरवर आहे," असं म्हणत डॉक्टर हेमचंद्रकाकांनी दुसरी उचलली. काका म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त हृदयतज्ज्ञ.

"जरा मीठ पुढे आहे का?"

"श्श! संक्रांत आहे. गोड बोला!"

इथेच तर सगळा घोळ झाला! एरवी कोणीतरी पहिल्याच घासाला थू करून कमिटीला चार पानी मेल लिहिला असता. पण संक्रांतीला कोणाच्या हातच्या वडीला नाव ठेवायचं म्हणजे महापाप! लोक डोळे मिटून गिळत होते आणि डोळे उघडून वाहवा करत होते.

"वडी छान झालीये हं, अपर्णा!"

"अहो, साधीच तर आहे!" आई लाजून म्हणत होती. तिला वाटलं, आपल्याच वडीबद्दल चाललंय. "घ्या ना अजून एक! असं काय! एकीने काय होतंय?"

बिचारे आणखी एक घेत होते. अनयाचे बाबा, प्रसाद, यांनी तर तीन खाल्ल्या. बायकोच्या वडीत मीठ जास्त झालंय हे चारचौघांत बोलू नये, एवढी अक्कल वीस वर्षांच्या संसारात येते.

चार वाजले. पडद्यावर मार्गोबाई उगवल्या. पांढरे कुरळे केस, हातात चहाचा हा मोठा मग. अनया माईकपाशी गेली. समोर कबीर आणि वेद ओठ दाबून बसले होते. तिने डोळे मिटले आणि एका दमात दोन्ही भाषांत विचारून टाकलं.

"वॉम्बॅटची शी चौकोनी का असते?"

वसुधाकाकूंनी कपाळाला हात लावला. पण मार्गोबाईंनी टाळ्याच वाजवल्या! "ब्रिलियंट क्वेश्चन!" म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं, की वॉम्बॅटचं आतडं सगळीकडे सारखं नसतं. कुठे ताठ, कुठे सैल. त्यामुळे आतला माल दाबला जाऊन त्याला कोपरे येतात. हेमचंद्रकाका तोंडातलं चावत चावत गंभीरपणे मान हलवत होते. डॉक्टरच ते!

"आणि तुमच्या वर्गाने केलेली शी कुठेय?" मार्गोबाईंनी विचारलं. "शो मी!"

ओवी धावत खिडकीपाशी गेली. धावत परत आली. माईक खाली ओढला.

"मिस अनया, अवर पूप इज गॉन!"

हॉलभर हशा पिकला. ओवीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि बोट पहिल्या रांगेवर रोखलं.

"अध्यक्ष आजोबा इज ईटिंग इट!"

शंभर माणसं एकदम चावायची थांबली. प्रणितामावशींनी तोंडाला रुमाल लावला. एका काकांनी घरी न्यायला म्हणून खिशात टाकलेल्या चार वड्या हळूच काढून टेबलावर परत ठेवल्या.

"सॉरी," पडद्यावरून आवाज आला, "डिड समवन ईट द पूप?"

अनयाच्या पायांनी कोटांच्या खोलीकडे पळायचं ठरवलं होतं. ढीगभर जाड जॅकेटांखाली शिरलं तर मार्चपर्यंत कोणाला सापडली नसती! डोळ्यांसमोर लोखंडी खुर्च्यांची रांगच्या रांग नाचू लागली. पण सहा मुलं तिच्याकडे बघत होती, मिस आता काय करणार म्हणून. तिने माईक दोन्ही हातांनी धरला.

"कोणीही घाबरू नका! त्यात फक्त कणीक, कोको आणि तेल आहे! वॉम्बॅटचं त्यात काहीही नाही! आणि... मीठ आहे. दोन वाट्या."

"दोन वाट्या!" हेमचंद्रकाका उठलेच. "अगं, माझं बीपी! मला वाटलं, अपर्णाचा हात चुकला. म्हणून बोललो नाही!"

"मलाही तेच वाटलं!"

"मी तर रेसिपी मागणार होते!" प्रणितामावशी रुमालाआडून म्हणाल्या. "नागपूरला बहिणीला फोटोपण पाठवला!"

आईचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "म्हणजे ती वडी मी केलीये असं वाटलं तुम्हाला? आणि तरी सगळे छान छान म्हणत होतात?" तिने हॉलभर नजर फिरवली. "म्हणजे गेली वीस वर्षं जे छान म्हणताय..."

शंभर माणसांनी छताकडे पाहिलं. छत काही इतकं बघण्यासारखं नव्हतं.

पहिल्यांदा हसल्या मार्गोबाई. मग बालवर्गाची सहा पोरं गालिच्यावर लोळायला लागली. "चौकोनी! चौकोनी!" एरवी तोंडातून मराठी शब्द न काढणारी ती कार्टी एका सुरात ओरडत होती! ते बघून सॉकरवाली मुलंही आईबाबांचे हात सोडवून गालिच्यावर येऊन लोळू लागली. "ए, हा वर्ग असतो किती वाजता?" त्यांचे आईबाबा एकमेकांना विचारू लागले.

सहा वाजेपर्यंत वसुधाकाकूंच्या वहीत अकरा नवीन नावं आली होती. काकूंनी वही मिटली. "वर्ग राहील," त्या म्हणाल्या. "पण तुझं ताट आणि आमचं टेबल यांच्यामध्ये यापुढे कुलूप. कळलं?"

मग तिघं गाडीतून घरी निघाली. बाबा प्रत्येक सिग्नलला थांबून पाण्याची बाटली तोंडाला लावत होते. ही तिसरी होती. आई बाहेरच्या बर्फाकडे बघत होती.

"प्रसाद, खरं सांग," ती शेवटी म्हणाली. "माझ्या नेहमीच्या वडीपेक्षा ती बरी होती का?"

बाबांनी पुन्हा बाटली तोंडाला लावली. सिग्नल हिरवा होऊन मागचे लोक हॉर्न द्यायला लागले तरी त्यांची बाटली तोंडालाच!

मागच्या सीटवर अनयाचा फोन वाजला. मार्गोबाईंचा मेल होता. तिने तो दोनदा वाचला आणि घसा खाकरला. मिस अनया खाकरते तसा.

"आई, बाबा, मी ठरवलंय. कॉलेजला जाईपर्यंत बालवर्ग मीच घेणार. आणि दुसरं म्हणजे, नवीन पुस्तक आलंय, शेंबडावर आहे. पुढच्या महिन्यात आम्ही तो वर्गात बनवणार आहोत. तर त्या दिवशी तुम्ही दोघांनी घरूनच जेवून यायचं!"